लेक दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलू लागली तेव्हा (किशोरवयीन मुलं आणि इन्फ्लुएन्सर)

ओंजळ

गेले काही दिवस मनात घोळतंय ते इथे मांडते.

माझी लेक चौदा वर्षांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती कपाट आवरत होती आणि मी शेजारच्या खोलीत होते. तिचं बोलणं ऐकू येत होतं. वाटलं, फोनवर मैत्रीण असेल. पण फोन तर माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला होता. ती एकटीच बोलत होती: "तर आज आपण हा खण रिकामा करणार आहोत, आणि खरं सांगू का, मला ना या पसाऱ्याची भीतीच वाटते." शेवटच्या शब्दावर आवाज किंचित खाली, मग छोटा श्वास, मग हसू. ते हसूसुद्धा तिचं नव्हतं.

मुलं खेळताना स्वतःशी बोलतात, ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. हे तसं नव्हतं. तिच्या बोलण्याला समोर माणसं होती. त्या "आपण"मध्ये कोण कोण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आवाज कुणाचा ते शोधायला वेळ लागला नाही. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, पंधराव्या वर्षापासून व्हिडिओ करते. (नाव देत नाही. तिच्यावर कुणी तुटून पडावं असं मला अजिबात वाटत नाही.) तीन रात्री जागून मी तिचे व्हिडिओ जुन्यापासून नव्यापर्यंत बघत गेले. खरं तर दोषी शोधायलाच बसले होते.

पहिल्या वर्षी ती चष्मा लावायची, लांब वेणी घालायची, बोलता बोलता अडखळून शब्द शोधायची. मग हळूहळू प्रश्न यायला लागले. चष्मा ठेवू की काढू? केस कापू का? त्या मैत्रिणीशी पुन्हा बोलू का? प्रत्येकाखाली मतदान. ज्या बाजूला मतं जास्त, तसं पुढच्या व्हिडिओत घडलेलं. लेकीला सहज विचारलं तर ती अभिमानानं म्हणाली, "आई, तिचे केस आम्ही ठरवले. मी पण मत दिलं होतं." आणि पुढे, "मध्ये ती सारखी अभ्यासाचं सांगायला लागली होती. आम्ही म्हटलं बोअर होतंय, मग तिने बंद केलं."

मी त्या मुलीच्या हातात माझ्या लेकीची दोरी शोधत होते आणि दोरीचं दुसरं टोक लेकीच्याच मुठीत निघालं.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला "पॅरासोशल" म्हटलं होतं. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, आपण त्याला ओळखतो, त्याला आपण माहीतही नसतो. पण तेव्हाच्या निवेदकाला एखादी चौदा वर्षांची मुलगी "चष्मा काढ" असं सांगून दुसऱ्या दिवशी तो काढलेला बघू शकत नव्हती.

तुम्हाला घरात, वर्गात काय दिसतं? आणि इथे कुणी स्वतः व्हिडिओ करणारं असेल, तर त्यांचं ऐकायची फार इच्छा आहे.

---

पाऊलखूण

ओंजळ, तीन रात्री जागून त्या मुलीचे सगळे व्हिडिओ बघितलेत, ते फार मोलाचं आहे. बहुतेक पालक एक व्हिडिओ बघून थेट निकाल देतात.

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्या अंगाने लिहिते. या वयाचं मुख्य काम "मी कोण" हे शोधणं, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलं. पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी त्या शोधातल्या चार अवस्था सांगितल्या. काही मुलं शोध सुरूच करत नाहीत, काही शोधाच्या मध्यावर असतात, काही शोधून ठरवतात. आणि काही मुलं न शोधताच ठरवून मोकळी होतात, कारण कुणीतरी तयार ओळख हातात ठेवलेली असते. ही चौथी अवस्था पूर्वी आईवडिलांच्या अपेक्षेतून यायची: घरचा धंदा, घरची मतं. आता ती पडद्यावरूनही येते, आणि तिथे ती विशेष मोहक असते, कारण मुलाला ती स्वतः निवडल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट तुमच्या कपाटाच्या प्रसंगाबद्दल. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये लिहिलं की किशोरवयात मुलाला सतत वाटत असतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. याला त्यांनी काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. चेहऱ्यावर एक पुटकुळी आली की शाळेत जायचं जिवावर येतं, ते यामुळेच. वय वाढतं तसे हे प्रेक्षक विरत जातात. मुलाला कळत जातं की लोक आपापल्या विवंचनेत आहेत, आपल्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. ते कळणं ही मोठी सुटका असते. आजच्या मुलांना ती सुटका उशिरा मिळते, कारण त्यांचे प्रेक्षक खरोखरच असू शकतात. आकड्यासकट दिसतात.

आकड्यांचं म्हणाल तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी केलेला २०१६ चा एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना फोटो दाखवले. लाइकचे आकडे संशोधकांनी स्वतः ठरवले होते. एकच फोटो काहींना भरपूर लाइकसह दिसला, काहींना थोड्या. भरपूर लाइक दिसले की मुलंही त्याला लाइक द्यायची, आणि स्वतःच्या फोटोला खूप लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जास्त उजळायचा. म्हणजे फोटो आवडला की आकडा आवडला, हे मुलाला स्वतःलाही वेगळं काढता येत नाही.

हीच यंत्रणा तुम्ही पाहिलेल्या त्या मुलीच्या डोक्यातही आहे. पंधराव्या वर्षी सुरुवात केली म्हणजे ती इन्फ्लुएन्सर नंतर, आधी किशोरवयीनच.

---

निरभ्र

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

नटाचे केस, खेळाडूची चाल, गायकाचे कपडे, प्रत्येक पिढीने कुणाची तरी नक्कल केली आणि प्रत्येक पिढीच्या आईवडिलांना वाटलं की आपलं मूल हरवलं. नक्कल करत करतच माणूस स्वतःपर्यंत पोहोचतो. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी डिजिटल वापराशी जोडता येणारा वाटा जास्तीत जास्त ०.४ टक्के निघाला. एवढ्याशा आकड्यावर एवढी चिंता?

---

पाऊलखूण

राग कसला, हा अभ्यास महत्त्वाचाच आहे आणि मीही घाबरलेल्या पालकांना तो सांगते. पण तो सरासरीचा आकडा आहे. सरासरीत एकाचं बिघडलेलं आणि दुसऱ्याचं सुधारलेलं एकमेकांना खाऊन टाकतं. त्याच ऑर्बेन यांच्या गटाचं २०२२ चं काम बघा. ब्रिटनमधल्या मुलांमध्ये सोशल मीडियाच्या बाबतीत त्यांना काही विशिष्ट वयं जास्त हळवी दिसली: मुलींमध्ये साधारण ११ ते १३, मुलांमध्ये १४-१५, आणि दोघांमध्येही १९ च्या आसपास पुन्हा एकदा. म्हणजे "परिणाम किती" याइतकाच "कुणावर, कधी" हा प्रश्न आहे.

आणि इथे चर्चा सुखदुःखाची कमी, ओळखीची जास्त चाललीय. एखादं मूल अगदी आनंदात असतानाही उसनी ओळख घेऊन वावरू शकतं.

नटाची नक्कल आणि ही नक्कल यातला फरक मला असा दिसतो. नट पडद्यावर दुसऱ्याची भूमिका करत होता आणि ते मुलाला माहीत होतं. इन्फ्लुएन्सर म्हणतो, हा मीच आहे. मग मूल त्याचे केस उचलून थांबत नाही, त्याची दुःखंही उचलतं. महामारीच्या काळात अनेक देशांतल्या डॉक्टरांकडे अचानक झटके, आवाज, अनैच्छिक हालचाली घेऊन मुलं येऊ लागली, त्यात मुली बऱ्याच. टुरेट विकारासोबत जगणाऱ्यांचे जे व्हिडिओ लोकप्रिय होते, त्यातल्यासारखीच लक्षणं. मुलं ढोंग करत नव्हती. त्यांचा त्रास खरा होता, फक्त त्याचा आकार पडद्यावरून आला होता.

---

शाईचा डाग

ओंजळताई, तुम्ही व्हिडिओ करणाऱ्यांना विचारलंत म्हणून लिहितोय. मी वीस वर्षांचा आहे. साडेतेराव्या वर्षी चॅनेल सुरू केलं, अठराव्या वर्षी बंद केलं.

मला किडे आवडायचे. भिंग धरून, त्यामागे फोन टेकवून मी मुंग्या, कोळी, पतंग यांचे व्हिडिओ काढायचो. सत्तर-ऐंशी लोक बघायचे आणि मी खूश असायचो. एकदा व्हिडिओच्या मध्येच मी वैतागलो. वर्गातल्या काही मुलांनी किड्यांवरून चिडवलं होतं, त्यांना उद्देशून दीड मिनिट तावातावाने बोललो. एडिट करताना काढून टाकणार होतो, राहून गेलं. तो व्हिडिओ दोन दिवसांत कुठल्या कुठे गेला.

बाहेरून दिसत नाही ती गोष्ट सांगतो. व्हिडिओ करणाऱ्याला एक आलेख दिसतो. कितव्या सेकंदाला किती लोक उरले, कुठे सोडून गेले. मी कोळ्याबद्दल बोलायला लागलो की रेघ खाली. चिडलो की रेघ सपाट, कुणी हलत नाही. विचार करायला थांबलो की रेघ खाली. चौदा वर्षांचा होतो मी. रोज रात्री तो आलेख बघायचो आणि जिथे रेघ पडायची तेवढं स्वतःमधून कापायचो. आधी थांबणं गेलं. मग "मला नक्की माहीत नाही" हे वाक्य गेलं. मग किडे गेले.

पंधराव्या वर्षापर्यंत मी "तो चिडणारा मुलगा" झालो होतो. कुणी मला तसं व्हायला सांगितलं नाही. बघणाऱ्यांनी फक्त थांबून किंवा निघून जाऊन कळवलं. आणि बघणारे कोण, तर माझ्याच वयाची किंवा एखाद-दोन वर्षांनी लहान मुलं. ती माझे शब्द कॉमेंटमध्ये लिहायची. त्यातला एखादा मजेशीर वाटला की मी तो पुढच्या व्हिडिओत वापरायचो. मग तो शब्द आणखी हजार जण लिहायचे. शेवटी शेवटी मला खरंच सांगता आलं नसतं की हा शब्द माझा की त्यांचा.

सतराव्या वर्षी माझ्यातला राग संपला होता. घरी सगळं ठीक, मित्र चांगले, वर्गातली ती चिडवणारी मुलं तर कधीच विसरलो होतो. तरी कॅमेरा लावला की चिडायचो. एक व्हिडिओ शांतपणे केला, तर खाली ओळीने कॉमेंट: "तू बदललास." त्या वयात बदलणार नाही तर कधी बदलणार? पण ती मुलं वाईट नव्हती. त्यांनी माझ्या रागाचा आधार घेऊन स्वतःचं काहीतरी उभं केलं होतं. मी तो काढून घेतला तर त्यांचं डळमळत होतं. हे मला आता कळतं.

बंद का केलं? एका मुलाचा मेसेज आला. तेरा वर्षांचा होता. "दादा, मी पण आता तुझ्यासारखा वर्गात कुणाला सोडत नाही." मी तो मेसेज आईला दाखवला. ती काही बोलली नाही. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की मी त्याला चॅनेलच्याच आवाजात लिहितोय. पाच वेळा खोडलं. साधं कसं बोलायचं ते मला आठवेना.

---

तिन्हीसांज

शाईचा डाग, हे वाचून बराच वेळ स्वस्थ बसले होते. त्या मुलाला शेवटी उत्तर दिलंस का?

---

शाईचा डाग

हो. लिहिलं की मी वर्गात कुणाशीच भांडत नाही, कधीच भांडलो नव्हतो, व्हिडिओत बोलतो ते माझ्या सगळ्या दिवसातले दीड मिनिट आहे. आणि चिडवत असतील तर शिक्षकांना सांग. त्याने "बरं" एवढंच लिहिलं. मला वाटतं मी त्याचा विरस केला.

---

कवडसा

मी व्हिडिओ एडिटिंग करते, बऱ्याच तरुण क्रिएटर्ससाठी. वरचं सगळं रोज डोळ्यांसमोर घडतं, म्हणून थोडी भर.

"खरेपणा" हाही आता घडवावा लागतो. सुरुवातीला फिल्टर लावून चेहरा गुळगुळीत करायचे. मग मुलांना ते खोटं वाटू लागलं आणि पसारा, पुटकुळ्या, रडका चेहरा यांना मागणी आली. आता अडखळलेलं वाक्य ठेवायचं की काढायचं यावर आम्ही चर्चा करतो. क्रिस्टल अबिडिन या संशोधिकेने २०१७ मध्ये याला नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ "मोजूनमापून ठेवलेला साधेपणा" असा काहीसा होईल. ओंजळ, तुमच्या लेकीने उचललेला तो छोटा श्वास बहुधा असाच कुणीतरी टाइमलाइनवर जपून ठेवलेला असेल. यात फसवायचा हेतू असतोच असं नाही. मी ज्यांच्यासोबत काम करते त्यांना स्वतःलाच अनेकदा ठाऊक नसतं की रडू आलं म्हणून कॅमेरा लावला, की कॅमेरा लावला म्हणून रडू आलं.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एसेना ओनील या अठरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलीने पाच लाखांहून अधिक फॉलोअर्स असताना सगळं थांबवलं. जुन्या फोटोंखालचा मजकूर बदलून तिने खरं काय ते लिहिलं: हा फोटो जमेपर्यंत किती वेळा काढला, हा ड्रेस घालायचे पैसे मिळाले होते. कित्येकांना ते धाडस वाटलं, कित्येकांना तोही देखावाच वाटला. मला तेव्हा सर्वात लागलं ते हे, की खरं सांगतानाही तिला पुन्हा त्याच प्रेक्षकांकडून खरेपणाचा दाखला घ्यावा लागत होता.

कायदे हळूहळू येताहेत. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतल्या फोटोत शरीर बदललं असेल तर तशी खूण लावावी लागते, इन्फ्लुएन्सरनाही. फ्रान्सने २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी वेगळा कायदाच केला. चांगलंच आहे. पण आलेख बघून स्वतःला कापणाऱ्या मुलासाठी कुठली खूण लावणार?

---

रिकामी ओळ

सोळा वर्षांपर्यंत सोशल मीडियावर बंदी घाला, विषय संपला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून तेच केलंय. १३ वर्षांची जी अट सगळीकडे दिसते ती तरी कुठे मुलांच्या मानसशास्त्रातून आली? अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात १३ पेक्षा लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करता येत नाही, म्हणून कंपन्यांनी तो आकडा धरला.

---

सावलीचं झाड

१३ च्या अटीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण विषय संपत नाही हो. माझ्या घरातलं सांगतो.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना यंत्र आहे. आमच्या नात्यात, शेजारात, तिच्या शाळेत दुसरं कुणीही तसं नाही. आम्ही तिच्यावर जीव ओवाळून टाकतो, पण "तुला मशीन काढल्यावर बरं वाटतं की भीती वाटते" हे तिला विचारायचं असतं, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. तेराव्या वर्षी ती केस कानांवर ओढून घ्यायची. एकदा वाऱ्याने केस उडाले तर रडत घरी आली.

मग तिला एक ताई सापडली. स्वतः ऐकू न येणारी, खुणांच्या भाषेत बोलणारी, खाली मजकूर लिहिणारी. आमच्या घरात पहिल्यांदा "आमच्यासारखे लोक" हा शब्दप्रयोग आला. आधी मला तो टोचला. आम्ही तिचे नाही का? नंतर उमगलं की तिला आणखी एक घर मिळालंय.

आता दुसरी बाजू, म्हणजे या धाग्याचा विषय. मुलीने त्या ताईला कॉमेंटमध्ये विचारलं, "मित्रांसमोर पहिल्यांदा यंत्र दाखवलं तेव्हा काय केलंस?" तिने त्यावर आख्खा व्हिडिओ केला. त्यात तिने सांगितलं की हा प्रश्न येईपर्यंत आपणही कॅमेऱ्यासमोर केस मोकळे ठेवत होतो आणि ते का, याचा कधी विचारच केला नव्हता. आणि त्या व्हिडिओत तिने केस मागे बांधले. माझी मुलगी तो भाग पुन्हा पुन्हा बघत होती. मीही बघितला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मुलीने केस बांधले. कुणी कुणाला घडवलं म्हणायचं?

तेव्हा बंदी म्हटलं की मला तिचं तेरावं वर्ष आठवतं. तीन वर्षं आणखी तिने केस ओढून काढली असती.

---

निरभ्र

सावलीचं झाड, तुमचा प्रतिसाद वाचून माझं म्हणणं थोडं बदलतोय. मी "नक्कल" शब्दावर अडलो होतो. त्या ताईने तुमच्या मुलीची नक्कल केली नाही आणि मुलीने तिचीही नाही. एकीच्या प्रश्नाने दुसरीला स्वतःकडे बघायला लावलं. शाईचा डाग यांच्या बाबतीत मात्र प्रश्न कुणी विचारलाच नाही, फक्त रेघ वर-खाली झाली. या दोन्हीला आपण एकच नाव देतो हे चुकतंय.

---

पाऊलखूण

निरभ्र, हे मी वहीत उतरवून घेतलं. पालकांशी बोलताना आता हेच विचारेन: तुमचं मूल तिथे काही विचारतं का, की फक्त मत देतं?

---

ओंजळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उशिरा लिहितेय, कारण मध्ये घरी बरंच बोलणं झालं.

रविवारी लेकीला म्हटलं, तिचे अगदी पहिले व्हिडिओ एकत्र बघू या का? तिने ते कधी पाहिलेच नव्हते, ती दोन वर्षांपूर्वीपासून बघतेय. चष्म्यातली, वेणीतली, अडखळणारी ती मुलगी बघून लेक आधी हसली. मग गप्प झाली. तिसऱ्या व्हिडिओला म्हणाली, "ही तर माझ्याएवढी आहे." थोड्या वेळाने, "ही छान आहे गं. हिला कुणी चष्मा काढायला सांगितलं?" मी काहीच बोलले नाही. तिनेच आठवून सांगितलं, "चष्म्याचं मतदान मी यायच्या आधीचं. पण असते तर मीही 'काढ' म्हणाले असते."

मग शाईचा डाग, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. तुम्ही इथे सगळ्यांसमोर लिहिलंत म्हणून विचारलं नाही, चालेल ना? आलेखाचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. तिला तो आलेख असतो हेच माहीत नव्हतं. आपण कंटाळून पुढे सरकवलं की पलीकडे कुणाला तरी ते सेकंदासकट दिसतं, यावर तिचा विश्वास बसेना.

तिचा आवाज अजून तसाच आहे, सांगून टाकते. कालही जिना चढताना "तर आता आपण" चाललं होतं. मी टोकलं नाही. मध्येच एका वाक्याला ती अडखळली आणि थांबली, दोन-तीन पायऱ्या तशाच चढली. ती शांतता मला फार आवडली.

तिचा एक प्रश्न आहे तुम्हाला. तिच्याच शब्दांत देते: "दादाला विचार, तो अजून किडे बघतो का?"

---

शाईचा डाग

चालेल, नक्कीच चालेल.

तिला सांगा, हो. माझ्या खिडकीच्या चौकटीत सध्या कुंभारीण माशी घर बांधतेय. मातीची एक गोळी घेऊन येते, लावते, परत जाते. मधल्या वेळात काहीच घडत नाही, नुसती वाट बघायची. आज सकाळी तासभर बसलो होतो. अजून एक बाजू उघडी आहे.